ट्रॉलीची रेघ

गिरगावातल्या प्रार्थना समाजाच्या चौकाचं ड्रॉइंग मी दर वर्षी गणपती झाले की उघडते. त्यात एक वाकडी तांबडी रेघ आहे. ती माझी नाही. एका मंडळाच्या कार्यकर्त्याने रस्त्यावर खडूने ती आखली होती, मी फक्त मोजून कागदावर उतरवली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई महापालिकेने डब्ल्यूआरआय इंडिया या संस्थेबरोबर ‘मुंबई स्ट्रीट लॅब’ ही स्पर्धा जाहीर केली. एस. व्ही. रोड, नेपियन सी रोड, विक्रोळी पार्कसाइट, मौलाना शौकत अली रोड आणि गिरगावातला राजा राममोहन रॉय रोड, असे पाच रस्ते नव्याने आखायचे होते. आमच्या छोट्या ऑफिसने गिरगाव घेतलं आणि चौक माझ्याकडे आला.

चौक आखायचा म्हणजे गाड्या मोजायच्या, असं बाहेरच्यांना वाटतं. त्या आम्ही मोजल्याच. पण तेव्हा मेट्रो-३ च्या कामामुळे गिरगावात बॅरिकेड होते, त्यामुळे गाड्या नेहमीच्या वाटेने जातच नव्हत्या. त्या आकड्यांवर माझा जीव बसेना. मी भरवसा ठेवला धुळीवर. पहाटे साडेपाचला, झाडूवाले यायच्या आधी, चौकात उभं राहायचं. चाकं जातात तिथलं डांबर काळं, घासलेलं दिसतं. जिथून कुणीच जात नाही तिथे धूळ, पानं, बसची तिकिटं आणि गुटख्याच्या पुड्या साचतात. त्या कचऱ्याच्या कडेकडेने खडू फिरवला की गाड्यांना न लागणारी जागा आपोआप आखली जाते. कुठलंही सॉफ्टवेअर इतकं सरळ उत्तर देत नाही. चौकाच्या मधोमध मला असा एक छान त्रिकोण मिळाला. रस्ता ओलांडताना मध्ये थांबायला बेट करायचं ते इथेच, हे मी तिथेच ठरवून टाकलं. बेटाचा कठडा १५० मिलिमीटर उंच, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने घालून दिलेल्या कमाल उंचीइतका.

टेप गुंडाळत होते तेवढ्यात समोरच्या वडापावच्या गाडीजवळून एक काका आले.

“ताई, इथे काय बांधताय?”

मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला खडू मागून घेतला, जरा मागे गेले आणि वाकून चालत चालत एक लांब वळण आखलं. ते थेट माझ्या त्रिकोणातून गेलं.

“ही आमच्या ट्रॉलीची चाकं. विसर्जनाला इथूनच वळवतो. चाकं एवढीशी असतात, खड्ड्यात बसली तरी मूर्ती डुलते. तुमच्या कठड्यावर चढवायची कशी?”

वर्षातून एकदाच, एका रात्री जाणारी ट्रॉली धुळीत कशी दिसणार? गिरगावात काम करताना मी मूर्तीच्या उंचीचा विचार केला होता, सिग्नलचे आडवे हात आणि केबल तपासल्या होत्या. चाकांचा विचारच केला नव्हता. ही माझी चूक होती.

बेट काढून टाकलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण त्याच दिवशी अकराच्या सुमाराला हरकिसनदास हॉस्पिटलच्या बाजूने एक आजी निघाल्या. (आता नाव लांबलचक झालंय, पण जुने गिरगावकर अजून हरकिसनदासच म्हणतात.) एका हातात एक्स-रेचं पाकीट, दुसऱ्या हातात काठी. सिग्नलचा वेळ काढताना आम्ही माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतो. आजींची चाल त्याच्या निम्मीही नव्हती. सिग्नल बदलला आणि त्या मध्येच थांबल्या, अगदी काकांच्या रेघेवर. दोन्ही बाजूंनी टॅक्स्या हॉर्न वाजवत होत्या. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. “सोड गं, पडेन मी,” त्या म्हणाल्या आणि पाकीट छातीशी घट्ट धरून उभ्या राहिल्या.

ऑफिसमध्ये सरांना चित्रात झाडं, बाकं आणि सायकलवरची मुलं हवी होती. परीक्षकांना पहिल्या दहा सेकंदांत आवडायला हवं, असं ते म्हणाले. स्पर्धेच्या दृष्टीने ते बरोबरही असेल, पण मला अजून ते पटत नाही. आम्ही शेवटी बेट रस्त्याच्या पातळीतच ठेवलं आणि कडेला काढता येणारे खांब दाखवले. विसर्जनाआधी काढायचे, नंतर परत बसवायचे. मला त्यातलं पुढचं माहीत होतं. दुसऱ्या एका शहरात असे खांब मिरवणुकीसाठी काढले, खाचांत चिखल भरला, आणि दिवाळी उलटली तरी ते गोदामातच पडून होते. खांब कुणाच्या ताब्यात राहणार, परत कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत बसवणार, हे मी पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं. अंतिम शीटवर तिथे झाड आलं.

आमची निवड झाली नाही. त्याचं वाईट वाटलं, पण मला छळतं ते दुसरंच. २०२० आणि २०२१ मध्ये सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची मर्यादा होती, मोठ्या ट्रॉल्या निघाल्याच नाहीत. २०२२ मध्ये बंधनं उठली तेव्हा अनंत चतुर्दशीच्या रात्री मी टेप घेऊन त्या चौकात उभी राहिले. पहिली मोठी ट्रॉली वळली तेव्हा तिची चाकं काकांच्या रेघेपासून वीतभरही सरकली नव्हती.

त्या रेघेच्या आणि हॉस्पिटलकडच्या फुटपाथच्या मध्ये जागा उरते. बेट दोन फूट तिकडे सरकवलं तर आजी कठड्याआड उभ्या राहतील आणि ट्रॉलीही निघेल. फक्त मग बेस्टच्या बसचं मागचं चाक बेटाच्या टोकाला घासतं. मी टोक छाटलं, वळणाची त्रिज्या बदलली. अजून नऊ इंच कमी पडतात.