भरताच्या वांग्याचं बी

नवऱ्याला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम लागलं, म्हणून आम्ही जळगाव सोडून कोल्हापुरात, शिवाजी पेठेत दोन खोल्यांत आलो. वर गच्ची. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आक्का बाहेरून म्हणाल्या, "आलो गं!" मला वाटलं, कोणी पुरुष आलाय. इथल्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

मंडईत वांगी भरपूर, पण भरताचं वांगं नाही. आमचं हिरवं, पांढरट, हातात जड लागणारं. त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे. पण इथे ते सांगून काय उपयोग! शेवटी आईनेच जुन्या रुमालाच्या गाठीत बी पाठवलं.

मी घाई केली. जूनमध्येच बी टाकलं. जळगावात पावसाची वाट बघायची सवय; इथे तो थांबायची बघावी लागते. नुसत्या काळ्या मातीत पाणी तुंबलं आणि बोटभर रोपं बुडातून कुजून आडवी झाली. मी चक्क रडले.

"उघड्यावर धरलीस तर कुजणारच की," आक्का म्हणाल्या. "थांब, मी शेणखत घेऊन येतो." त्यांच्या दोन म्हशी.

ऑगस्टमध्ये पत्र्याखाली पुन्हा बी टाकलं. २० लिटरचे रंगाचे डबे आणले, बुडाला भोकं पाडली. माती, शेणखत आणि वाळू सारखी घेतली. महिन्याभराने रोपं लावून वर उसाचं पाचट पसरलं. मग शेंडे माना टाकायला लागले. चिरून बघितलं तर आत गुलाबीसर अळी. तसले शेंडे रोज सकाळी कापून साबणाच्या पाण्यात बुडवायचे आणि निंबोळी अर्क फवारायचा, हाच उद्योग. सातांतली तीन झाडं जगली.

डिसेंबरात पहिलं वांगं उतरवलं. आक्का म्हणाल्या, "वांगं हाय का भोपळा?" आमच्याकडे कपाशीच्या काड्यांवर भाजतात. इथे कपाशी कुठली? आक्कांच्या चुलीत उसाची चिपाडं पेटवली. वास थोडा गोडसर आला. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून ठेचलं.

तेवढ्यात आईचा फोन.

"आई, नंतर बोलू. आक्कांना भरीत देऊन येतो."

पलीकडे जरा शांतता. मग आई म्हणाली, "येतो?"