चांदोरी ते चापडगाव: पहाटेच्या थंडीत गाडी काढण्याआधी वाचा

चांदोरीच्या चौफुलीवर गाडी थांबवली, तर डाव्या हाताची बोटं क्लचवरून सुटेनात. उजव्या हाताने एकेक बोट सोडवावं लागलं. नखं जांभळी पडली होती. अंगात थर्मल, स्वेटर, जॅकेट, गळ्याला मफलर, सगळं होतं. हातात ६५० रुपयांचे हातमोजे होते आणि ते विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "हे घालून लडाखला जा, काही होणार नाही." लडाख लांब राहिलं, ते पंचवटी ते चांदोरीसुद्धा टिकले नाहीत.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. मी आणि माझा मावसभाऊ नाशिकहून पहाटे सव्वापाचला निघालो. उजाडताना नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात, चापडगावच्या मनोऱ्यावरून पक्षी बघायचे, मग येवला, अनकाई, मनमाडला मुक्काम, दुसऱ्या दिवशी चांदवडवरून परत, असा बेत. माझी २०१४ची कार्बोरेटरवाली दीडशे सीसी, त्याची नवीन नियमांतली, इंजेक्शनवाली बीएस-६. मोबाइल नऊ अंश दाखवत होता. ज्याला विचारलं तो म्हणाला, "नाशिकची थंडी ना? एक जॅकेट बास."

नऊ अंश हा शहराचा आकडा आहे. संभाजीनगर रोडला लागलात, माडसांगवी, लाखलगाव मागे पडलं, की घरांची ऊब संपते. मग नुसत्या द्राक्षबागा, पाणी दिलेली ओली रानं आणि गोदाकाठचा सखल भाग. थंड हवा तिथेच येऊन बसते. निफाडचं तापमान कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजतात. तिथे डिसेंबर २०१८ मध्ये पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. आम्ही गेलो त्या दिवशीचा निफाडचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात पाहिला, शहरापेक्षा तीन अंशांनी कमी. निघायच्या आधी नाशिकचं नाही, निफाडचं तापमान बघा.

वाऱ्याचा हिशेब मी घरी आल्यावर केला, तो आधी करायला हवा होता. हवा सहा अंश असेल आणि गाडी ताशी ६० ने असेल, तर उघड्या कातडीला ते शून्याच्या आसपास लागतं. "हळू चालवा" असं सगळे सांगतात. वेग ४५ वर आणला तरी फरक जेमतेम एका अंशाचा पडतो. धुक्यासाठी हळू चालवा, ते वेगळं. थंडीवर उपाय एकच, वारा अडवणं. माझ्या हातमोज्यांत आत फोम होता, जाड होता, पण बाहेरचं कापड जाळीदार. वारा सरळ आरपार. दुकानात हातमोजा तोंडाला लावून जोरात फुंकर मारा. पलीकडे हवा लागली तर तो उन्हाळ्यातला हातमोजा आहे, दुकानदार काहीही म्हणो.

चौफुलीवरच्या टपरीवर चहा घेताना माझ्या हातात कप धरवत नव्हता. टपरीवाल्या मावशी ते बघत होत्या. म्हणाल्या, "अरे बाबा, पिशव्या घाल की हातात. आमची पोरं पहाटे डेअरीला दूध घालायला जातात, ती काय असले मोजे घालतात का?" त्यांनी दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या काढून दिल्या. आत सुती मोजे, त्यावर पिशवी, वरून हातमोजा. पिशवी मनगटाच्या वर, जॅकेटच्या बाहीच्या आत खोवायची. वीस मिनिटांत बोटांना मुंग्या आल्या, मग दुखली, मग शुद्धीवर आली. घाम येतो, म्हणून थांबाल तिथे काढून हात वाळवा. पिशवी हातमोज्याच्या बाहेर घालू नका, लिव्हरवरून बोट घसरतं.

बोटांवर इतकं लिहितोय कारण पुढे जे झालं ते बोटांमुळेच निभावलं. चांदोरीवरून सायखेडा आणि तिथून चापडगाव हा पट्टा म्हणजे या प्रवासातलं सगळ्यात वाईट अंतर. नदीवरचं धुकं असतंच. शिवाय कडाक्याच्या थंडीत बागाईतदार द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात. तो धूर धुक्यात मिसळून रस्त्यावर छातीएवढ्या उंचीवर तरंगत राहतो. आणि त्यात उसाचे ट्रॅक्टर. एकामागे एक दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. सायखेड्याच्या पुढे एक ट्रॉली मला दिसली तेव्हा मध्ये फार तर तीन गाड्यांची जागा उरली होती. ब्रेक वेळेवर दाबला गेला. चौफुलीवर थांबलो तेव्हाची बोटं असती तर दाबला गेला नसता, हे मी छातीठोकपणे सांगतो. उसाचं पातं माझ्या हेल्मेटवर घासलं.

धुक्यात अप्पर लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते. डिप्परवर, रस्त्याची डावी कड धरून चला. हेल्मेटच्या काचेला आतून वाफ धरते. त्यासाठी पिनलॉक (काचेला आतून लावायची, वाफ न धरणारी दुसरी काच) बसवा किंवा आतून नाकापाशी श्वास अडवणारी पट्टी असलेलं हेल्मेट घ्या, नाहीतर काच बोटभर उघडी ठेवा. हेल्मेटखाली कानटोपी घालू नका, हेल्मेट सैल बसतं. पातळ बालाक्लाव्हा, म्हणजे डोळे सोडून डोकं-मान झाकणारा कापडी मुखवटा, घ्या. जॅकेटवरून पावसाळी रेनकोट चढवला की वारा पूर्ण थांबतो, नवीन विंटर जॅकेटवर पैसे घालायची गरज नाही.

आता गाडीचं. आमचे पैसे गेले ते मावसभावाच्या गाडीवर. चौफुलीवर चहा पिऊन निघताना सेल्फ मारला तर नुसता टक् टक् आवाज. त्याच्या इंजेक्शनवाल्या गाडीला पेट्रोलचा पंपही विजेवरच चालतो. बॅटरीतून करंटच येत नसेल तर ढकलून उपयोग नाही आणि किक तर त्या गाडीला नाहीच. एका पिकअपवाल्याने गाडी मागे टाकून महामार्गालगतच्या गॅरेजपर्यंत नेली. तिथल्या माणसाने मीटर न लावताच "बॅटरी गेली" म्हणून सांगितलं, नवीन बसवली आणि २,४०० रुपये घेतले. जुनी तो ठेवून घेत होता, मी हट्टाने बरोबर आणली. नाशिकला नेहमीच्या फिटरने ती मीटरवर धरली, १२.५ व्होल्ट. चांगली बॅटरी. टर्मिनलवर पांढरी भुकटी जमली होती आणि क्लॅम्प सैल होता, एवढंच. दहा रुपयांचा पॉलिश पेपर पुरला असता. पैसे जाण्याचं सोडा, पक्ष्यांची पहाट गेली याचा मला जास्त राग आहे.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टर्मिनल उघडा. आधी निगेटिव्ह काढायचं, बसवताना ते शेवटी. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून भुकटी धुवा, पुसून घासा, आवळा, वरून व्हॅसलिन. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट मिळाले तर निर्धास्त जा, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. कोणी बॅटरी गेली म्हटलं, तर मीटर लावून दाखव म्हणायचं, आणि जुनी बॅटरी हातची सोडायची नाही.

टायरची हवा पहाटे, गाडी न चालवता मोजा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो, दुपारी भरलेली हवा पहाटे कमीच निघते. पहिले आठ-दहा किलोमीटर टायर थंड असतात, वळणावर गाडी झोपवू नका. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. नावातल्या डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या पातळपणाचा, तो लहान तितकं ऑइल थंडीत लवकर फिरतं. चेनला ल्यूब संध्याकाळी, गाडी फिरवून आणल्यावर लावा, गरम चेनमध्ये ते आत शिरतं. कार्बोरेटरवाल्यांनी चोक देऊन चालू करा आणि इंजिन सावरलं की चोक लगेच बंद. मी लाखलगावपर्यंत तसाच आलो, प्लग काळा झाला.

चापडगावच्या मनोऱ्यावर पोचायला साडेनऊ झाले. ऊन आलं होतं. चक्रवाक आणि थापट्या भरपूर होते. येवला, अनकाई, मनमाड, चांदवड यात सांगण्यासारखा त्रास काही नाही, रस्ते ठीक, ऊन छान.

उजाडायच्या आत पोचण्याचा हट्ट असेल तर दुधाच्या पिशव्या घरूनच न्या, अर्ध्या लिटरच्या, धुऊन वाळवलेल्या, माणशी चार. दोन फाटतातच.