तुम्ही विचारलंत म्हणून: पद घ्यावे की अभ्यास करावा?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि साधारण एकाच सुमारास येतो. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले की वैद्यकीय महाविद्यालयातले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे कुणीतरी विचारते, "मॅडम, उभा राहू का? पुढे डॉक्टर म्हणून याचा काही उपयोग होतो, की नुसतेच वर्ष वाया जाते?" पालक हाच प्रश्न अधिक काळजीने विचारतात, आणि त्यांच्या प्रश्नातला सगळा जोर 'वाया जाते' या शब्दांवर असतो. मी तिसऱ्या वर्षाला असताना परिषदेची सचिव होते आणि आज भूलतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे दोन्हीकडचे ठाऊक असलेली व्यक्ती म्हणून लोक माझ्याकडे येतात. घाईत असले की 'उपयोग होतो' एवढे म्हणून मी सुटका करून घेते. ते उत्तर अर्धेच आहे, म्हणून उरलेले अर्धे येथे लिहिते.

उपयोग होतो, परंतु सर्वसाधारणपणे जी कारणे सांगितली जातात त्यांच्यामुळे तो होतो असे मला वाटत नाही. सभाधीटपणा येतो, ओळखी वाढतात, व्यक्तिमत्त्व खुलते, असे म्हणतात. माझी व्यासपीठाची भीती गेली हे खरे आहे. मात्र रात्री दोन वाजता वॉर्डात कुणी भाषणाची मागणी करत नाही. त्या वर्षाने मला जे दिले ते याहून साधे होते. काम दुसऱ्याच्या हाती सोपवता येते, पण त्याची जबाबदारी सोपवता येत नाही, हे मी त्या वर्षी शिकले, आणि ज्या पद्धतीने शिकले ती फारशी अभिमानास्पद नव्हती.

आमचे रक्तदान शिबिर होते. सभागृह सकाळी परीक्षेसाठी लागणार असल्याचे आदल्या दिवशी कळले, म्हणून शिबिराची वेळ नऊऐवजी दुपारी दोनची करावी लागली. वर्ग नुकताच सुटला होता आणि जिन्यावर एकच गलबला होता. समोरून येणाऱ्या सहकाऱ्याला मी चालता चालता म्हटले, "रक्तपेढीला कळव, वेळ दोनची झाली आहे." तो "हो" म्हणाला आणि खाली उतरला. ते 'हो' ऐकताच माझ्या मनातल्या यादीतून ते काम खोडले गेले. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता रक्तपेढीची गाडी दारात उभी राहिली. तंत्रज्ञ, परिचारिका, रक्ताच्या पिशव्यांचे खोके, घडीचे पलंग असा सगळा सरंजाम उतरला आणि सभागृहात तर परीक्षा चालू होती. माझ्या सहकाऱ्याने त्या गलबल्यात 'रक्तपेढीला'ऐवजी 'रक्तदात्यांना' असे ऐकले होते, आणि रात्री जागून त्याने एकूण एक दात्याला दोनची वेळ अगदी चोख कळवली होती.

व्हरांड्यात खोक्यावर बसलेल्या वयस्कर तंत्रज्ञांनी मला एवढेच विचारले, "कळवायचे काम कुणाकडे होते?" मी सहकाऱ्याचे नाव सांगितले. "त्यांचे नाही, तुमचे विचारतो आहे," ते शांतपणे म्हणाले. त्या चमूचे दुपारी दुसरीकडे शिबिर होते, त्यामुळे ते थांबू शकले नाहीत. दोन वाजता मी दारात उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक दात्याची माफी मागून त्याला परत पाठवले. काहींनी ते हसून घेतले, काहींनी घेतले नाही.

आता रुग्णालयाकडे येते. एखाद्या रुग्णाचे हृदय बंद पडले की मिनिटाभरात पलंगाभोवती सात-आठ माणसे जमतात. तेथे "कुणीतरी ॲड्रेनलिन द्या" असे म्हटले, तर ते कुणीच देत नाही किंवा दोघे देतात. म्हणून चमूचा प्रमुख एकाकडे पाहून, त्याचे नाव घेऊन सांगतो, "ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम, शिरेतून." तो मोठ्याने उच्चारतो, "ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम, शिरेतून." मग इंजेक्शन दिले की "दिले" म्हणतो, आणि नोंद ठेवणारा वेळ लिहितो. सांगणे, परत म्हणणे आणि झाल्याचे कळवणे असे हे वर्तुळ पूर्ण होईपर्यंत सूचना दिली गेली असे धरत नाहीत. प्रशिक्षणात ही पोपटपंची करताना माझे बरेच सोबती हसत होते. मला हसू आले नाही, कारण जिन्यावरचे ते 'हो' माझ्या कानात होते.

याच प्रसंगातली दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. छातीवर दाब देण्याचे काम मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने चालते आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. चमूच्या प्रमुखाने शक्यतो यात पडायचे नसते. हात मोकळे ठेवून पलंगाच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि मॉनिटर, घड्याळ, थकत चाललेली माणसे हे सारे एकदम पाहायचे, हे त्याचे काम. पहिल्यांदा ही जबाबदारी माझ्यावर आली तेव्हा मी धावत जाऊन स्वतःच दाब देऊ लागले. माझ्या वरिष्ठांनी मला बाजूला घेतले आणि विचारले, "तूच दाबत बसलीस तर घड्याळ कोण बघणार?" परिषदेच्या स्नेहसंमेलनातही मी नेमके हेच केले होते. पडदा नीट बसत नाही म्हणून शिडीवर चढून तो स्वतः बांधत होते, आणि प्रमुख पाहुणे बराच वेळ फाटकाशी उभे होते. आपल्याइतके चांगले काम दुसरा करणार नाही, ही समजूत हुशार विद्यार्थ्यांत फार असते. वैद्यकीय प्रवेशाची स्पर्धा पार केलेल्यांत तर ती असतेच असते. पदावरचे एक वर्ष ही समजूत थोडी तरी घासून काढते.

बैठका चालवण्याबद्दल मी फारसे लिहिणार नव्हते, कारण आमच्या बहुतेक बैठका कंटाळवाण्या होत्या. तरी त्यांतला एक अनुभव सांगण्याजोगा आहे. अध्यक्षाने आधी मत दिले की पहिल्या वर्षाचे प्रतिनिधी माना डोलावत आणि बाहेर पडल्यावर मनातले बोलत. मग आम्ही क्रम उलटा केला. सर्वांत लहान प्रतिनिधी आधी बोले, पदाधिकारी शेवटी. बैठका लांबल्या, पण तारखांचे घोळ निम्म्याने कमी झाले. क्रमाला इतके महत्त्व का, हे पुढे भूलशास्त्र शिकताना समजले. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जंबो जेट विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मरण पावली. समोरचे विमान धावपट्टीवरून हटले आहे ना, अशी शंका उड्डाण अभियंत्याने बोलून दाखवली होती. अतिशय अनुभवी कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली आणि अभियंता पुन्हा बोलला नाही. कनिष्ठाने बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे यासाठी विमानक्षेत्राने त्यानंतर खास प्रशिक्षण उभे केले आणि पुढे भूलशास्त्राने ते उचलले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-यादी आणली, तीत १९ बाबी आहेत आणि भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी असे तीन थांबे आहेत. दुसऱ्या थांब्यावर खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु २०१४ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांची आकडेवारी आली, तेव्हा यादी सक्तीची होऊनही तशी लक्षणीय घट दिसली नाही. माझे मत विचाराल तर खुणा करणे आणि बोलणे यांतला हा फरक असावा. नाव सांगून झालेली परिचारिका पुढे "डॉक्टर, एक गॉज कमी भरतो आहे" असे म्हणायला कचरत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. नुसत्या खुणांनी तिला तो धीर येत नाही.

आपले म्हणणे बरोबर असणे आणि ते समोरच्याला पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही पदावरच समजते. वाचनालय रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवावे, असा अर्ज आम्ही केला होता. पहिला अर्ज दोन पाने लांब होता, त्यात 'अन्याय' हा शब्द तीनदा होता आणि तो परत आला. मग आम्ही पंधरा दिवस रोज रात्री बंद होण्याच्या वेळी किती जण उठून जातात ते मोजले, कर्मचाऱ्यांच्या पाळीची अडचण त्यांच्याशीच बोलून समजून घेतली आणि अर्ध्या पानाचा अर्ज नव्याने दिला. परीक्षेच्या महिन्यांपुरते वाचनालय रात्री उघडे राहू लागले. हे लिहिताना एकोणिसाव्या शतकातल्या सेमेलवाइस या डॉक्टरची आठवण होते. व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहात एप्रिल १८४७ मध्ये मातामृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास होते. त्याने डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या घरात आले. इतका स्पष्ट पुरावा हाती असताना त्याने आपला ग्रंथ थेट १८६१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि मग विरोधकांना खुनी ठरवणारी खुली पत्रे लिहिली. तो बरोबर होता, आणि तरीही त्याच्या हयातीत त्याचे फार थोड्यांनी ऐकले. रुग्णालयात एखादी पद्धत बदलायची असते तेव्हा मी आजही आधी पंधरा दिवस मोजते.

एवढे वाचून पद म्हणजे पुढच्या नेतृत्वाची तालीमच, असा समज झाला असेल तर थोडे थांबा. पदावरून उतरल्यानंतर दोन वर्षांनी मी इंटर्न झाले. सभागृह, माइक, शिक्का हे सगळे सांभाळलेली मी नमुने प्रयोगशाळेत पोहोचवत होते आणि सिस्टरांच्या हाताखाली शिरेत सुई लावायला शिकत होते. पहिला महिना मला जड गेला, हे कबूल करते. पुढारीपण अंगात मुरलेल्यांना तो नेहमीच जड जातो. सगळ्यांच्या वतीने बोलण्याची सवय, दुसऱ्याने केलेल्या कामाचा अहवाल आपल्या तोंडून देण्याची सवय, आणि काम संपण्याआधी छायाचित्र काढण्याची सवय, या तिन्ही वॉर्डात आठवड्याभरात उघड्या पडतात. आपल्याकडे २०१९ मध्ये जो नवा वैद्यकीय अभ्यासक्रम आला, त्यात डॉक्टराच्या भूमिकांपैकी एक 'आरोग्य-चमूचा नेता आणि सदस्य' अशी सांगितली आहे. सदस्य हा शब्द तिथे आहे, आणि नेता होण्यापेक्षा तो निभावणे मला अवघड गेले.

अभ्यासाचे नुकसान होते का? माझे झाले. त्या वर्षी मी उत्तीर्ण झाले, पण ज्या विषयात मला रस होता त्यातही गुण घसरले आणि ती कसर भरून काढायला पुढचे वर्ष गेले. ज्या वर्षी मोठी परीक्षा आहे त्या वर्षी पद घेऊ नका, आणि एका वेळी दोन पदे तर मुळीच घेऊ नका. परिषदेबाहेर राहूनही हे सगळे शिकलेली माझी वर्गमैत्रीण आहे. वसतिगृहात आजारी पडणाऱ्यांसाठी रात्रीच्या पाळ्या लावण्याचे काम तिने नावाशिवाय वर्षभर केले. आज तिच्या आयसीयूतला हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण पुढच्याच्या हाती सोपवणे, ऐकण्यासारखा असतो.

हँडओव्हरवरून शेवटची गोष्ट. पाळी बदलताना रुग्णांची माहिती ठरावीक क्रमाने द्यायची आणि ऐकणाऱ्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची, अशी 'आय-पास' नावाची पद्धत आहे. नऊ रुग्णालयांत ती शिकवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मला सचिवपद मिळाले तेव्हा आधीच्या सचिवाकडून कपाटाची किल्ली, वाळलेले शाईचे पॅड आणि "होईल सगळं" एवढा आशीर्वाद मिळाला होता. कुणाचे पैसे द्यायचे राहिले आहेत, कोणती परवानगी कुणाकडे अडकली आहे, हे मला पैसे मागणारे दारात आल्यावर कळत गेले. जाताना मी नव्या सचिवाला सगळे लिहून दिले, समोर बसवले आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतले. त्याला ते जरा विचित्र वाटले असावे.

तेव्हा उभे राहायचे असेल तर जरूर राहा. ज्या पदाला माइक मिळतो त्यापेक्षा ज्या पदाकडे हिशेबाची वही असते ते मागा, आणि अर्ज भरण्याआधी मागच्या पदाधिकाऱ्याला गाठून ती वही एकदा पाहून घ्या. वही सापडत नाही असे उत्तर आले, तर निवडून आल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचे ते तुम्हाला आताच कळले आहे.