मीटर ‘पीं’ वाजला, तरी अर्थिंग खोटं निघालं

आठ महिन्यांत बाईकला दुसरी बॅटरी बसली, तेव्हा मेकॅनिकवरचा नाही, स्वतःवरचा विश्वास उडाला. संध्याकाळी हेडलाइट पिवळट, सिग्नलला हॉर्न मारला तर घसा बसल्यासारखा. सकाळी सेल्फ नुसता ‘टक्’. त्यातून आता हेडलाइटला बटणही नसतं, एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींत तो गाडी चालू असेपर्यंत जळतच राहतो.

“कॉइल गेली असणार,” असं दोघांनी सांगितलं. कॉइल म्हणजे इंजिनात वीज तयार करणारी. तिच्या तिन्ही पिवळ्या वायरी कपलरपासून (वायरी जोडणाऱ्या प्लगपासून) सोडवून, गाडी रेस करून मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजले. तिन्ही जोड्यांत आकडा जवळपास सारखा, आणि एकही वायर बॉडीला लागत नव्हती. म्हणजे कॉइल निर्दोष. साडेतीन-चार हजार खर्च तिथेच वाचला.

मग कपलर परत लावून, हेडलाइट चालू ठेवून, चार हजार आरपीएमला बॅटरीवर मोजलं: १२.९. हवे होते चौदाच्या आसपास. तेच रेग्युलेटरच्या, म्हणजे कॉइलची वीज बॅटरीजोगी करून देणाऱ्या डबीच्या, तोंडाशी मोजलं तर १४.३! रेग्युलेटर स्वतःच्या टोकावर बघतो, चौदा दिसले की काम झालं समजतो. वाटेत १.४ व्होल्ट कोण खातंय, हे त्याला कळायचं कारणच नाही.

मीटर डीसीवर. एक टोक रेग्युलेटरच्या प्लसला, दुसरं बॅटरीच्या प्लसला: ०.२. चालेल. मायनस बाजूला तसंच केलं: १.२. चोर सापडला.

गंमत म्हणजे हीच मायनस वायर मी आधी कंटिन्युइटीवर (वायर कुठे तुटली नाही ना, एवढंच बघणाऱ्या सेटिंगवर) तपासली होती, मीटर छान वाजला होता. पण तेव्हा वायरीतून करंट जवळजवळ नसतोच. दहा अँपिअर वाहू लागले की ०.१२ ओहमलासुद्धा १.२ व्होल्ट पडतात, आणि एवढा ओहम साध्या मीटरला धड दिसतही नाही.

टाकी उतरवली. त्या मायनस वायरीचा अर्थचा बोल्ट चॅसिसला, आणि चॅसिस गेल्या उन्हाळ्यात मीच हौसेने पावडर कोटिंग करून घेतलेली. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, बसलं होतं चकचकीत काळ्या रंगावर. संपर्क काय तो बोल्टच्या आट्यांतून, त्यांनाही पावसाळ्याचा गंज चढलेला. पॉलिश पेपरने थिंबलपुरती जागा पांढरी होईपर्यंत घासली, बोल्टच्या आट्या ब्रशने साफ केल्या, आवळून वरून ग्रीस लावलं.

मायनस बाजूला आता वाटेत पडत होते फक्त ०.०४ व्होल्ट. बॅटरीवर जवळपास १४.१.

पहिली बॅटरी मात्र तोवर एक्स्चेंजमध्ये गेली होती.