सांडासांड

आमच्या भागात वीज जाते ती गुरुवारी. दर गुरुवारी जाते असं नाही, पण गेली तर गुरुवारीच, आणि नेमकी बाळाची खिचडी मिक्सरच्या भांड्यात घालून झाकण दाबल्यावर. परवा तेच झालं. बटण फिरवलं, काही नाही. पंखा डोक्यावर थांबलेला दिसत असूनही आणखी दोनदा फिरवलं. बाहेरून चमचा आपटल्याचा आवाज यायला लागला. नातू दहा महिन्यांचा आहे आणि भूक लागल्यावर थांबायचं असतं हे त्याला अजून कुणी शिकवलेलं नाही.

आता खरं सांगायचं तर मिक्सरला मुळात बंदी आहे. नऊ महिने पुरे झाले त्या दिवशी सूनबाईने जाहीर केलं, "आई, आता गुळगुळीत बास. गाठी राहू देत. आणि जमेल ते त्याच्या हातात द्यायचं, त्याचं तो खाईल." फ्रिजवर यादी लागली. वाफवलेल्या गाजराचे बोटाएवढे तुकडे, लाल भोपळा, मऊ इडली, मटार बोटाने दाबून चपटे केलेले. द्राक्षं अख्खी नाहीत, उभी चिरून. शेंगदाणे नाहीत. मीठ-साखर नाही, आणि मध वर्षाचा होईपर्यंत अजिबात नाही. मध चाटवूनच वाढलेल्या माझ्यासारखीने ही ओळ मुकाट्याने वाचली. या सगळ्याला ती बीएलडब्ल्यू म्हणते, म्हणजे बेबी-लेड वीनिंग, बाळाने आपल्या हाताने खायला शिकायचं. मी सांडासांड म्हणते.

तर ती ऑफिसला गेली की मी मिक्सर लावत असे. आळसाने नाही, भीतीने. पहिल्यांदा गाजर हातात दिलं तेव्हा त्याने ते इतकं आत घातलं की त्याला उबळ आली. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर. मी खुर्चीतून उठलेसुद्धा. सूनबाई जागची हलली नाही. "आई, आवाज येतोय ना? मग घाबरायचं नाही. आवाज बंद झाला, श्वास घेता येईना, की मग घाबरायचं." या वयात उबळ येण्याची जागा जिभेवर बरीच पुढे असते, पुढे ती मागे सरकत जाते, असंही तिने समजावलं. गाजर बाहेर आलं. त्याने ते नीट पाहिलं आणि परत तोंडात घातलं. माझ्या छातीतली धडधड चहा होईपर्यंत चालू होती.

गाठींची सवय दहा महिन्यांच्या आत लागली नाही तर मूल पुढे खाण्याचे नखरे करतं, हेही तिच्याकडे तयार असतं. इंग्लंडात ब्रिस्टलच्या आसपास 1991-92 मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांचा अभ्यास झाला, त्यात दिसलं म्हणे. उशिरा गाठी मिळालेली मुलं सात वर्षांची झाल्यावरही भाज्या-फळं कमी खात होती. ती मुलं आता तिशी ओलांडून गेली असतील. त्यांच्यासमोर पडवळाची भाजी ठेवून बघायला हवी.

परवा मात्र वीजच नव्हती. खिचडी वाटीत काढली आणि अंगठ्याने वाटीच्या कडेशी रगडायला लागले. दोन मिनिटांनी लक्षात आलं, हा माझा हात नाही, आईचा आहे. धाकट्या भावाला भरवताना ती असाच गुरगुट्या भात कुस्करायची, तूप-मेतकूट घालून, अंगठा कडेवर दाबून. आमच्या घरी मिक्सर आला तो मी कॉलेजात असताना. त्याआधी तांदूळ-मुगाची डाळ भाजून जात्यावर भरड निघायची आणि तिची पेज व्हायची. कितीही रगडलं तरी शितं राहायचीच. आम्ही सगळी गाठींवरच वाढलो आणि ब्रिस्टलला त्याचा पत्ताही नव्हता.

माझ्या वाटीतही शितं राहिली. त्याने पहिला चमचा घेतला, तोंडात इकडून तिकडे फिरवला आणि गिळला. उबळ नाही, काही नाही. दुसऱ्या चमच्याला त्याने चमचाच पकडला. तिसऱ्याला वाटीत हात घातला. तिथून पुढे माझं काम संपलं.

मी बाजूला बसून बघत होते. बघण्यासारखंच असतं ते. आधी सगळा पंजा खिचडीवर पडतो, मग मूठ आवळते, मग खिचडी बोटांच्या फटींतून वर येते आणि तो ती मुठीच्या पाठीवरून चाटतो. मटाराचं तंत्र वेगळं. अंगठा आणि पहिलं बोट, चिमटीत धरून, सोनार मणी उचलतो तसा. मागच्या महिन्यात ही चिमूट नव्हती, तेव्हा तो मटार झाडूसारखा हाताने ओढायचा. दहापैकी सहा मटार तोंडाच्या आसपास पोचतात. एक कानामागे सापडला.

मला त्रास त्याच्या खाण्याचा नाही, नंतरच्या फरशीचा आहे. ओलं शीत पायाला चिकटतं ते एक, आणि वाळलेलं शीत अनवाणी पायाखाली येतं ते दुसरं. या दुसऱ्याइतकी चीड आणणारी गोष्ट घरात नाही. मी लादीवर जुने पेपर अंथरते, सून प्लॅस्टिकची चटई अंथरते, आणि शीत मिळतं ते तिसऱ्याच खोलीत, देव्हाऱ्यासमोर.

आणि खरकटं! माझ्या माहेरी उष्ट्या हाताने मिठाच्या बरणीला हात लावला तर ती बरणी रिकामी व्हायची. आमटीचा डाव ताटाला टेकायचा नाही. भाताला लागलेला हात धुतल्याशिवाय दुधाकडे जायचा नाही. ही सगळी शिस्त असलेल्या घरात पोराच्या पहिल्या घासाच्या सोहळ्याचं नाव काय, तर उष्टावण! त्याने उष्टं केलं म्हणून पेढे वाटायचे. नातवाच्या वेळी त्यातही घोळ झाला. रीतीप्रमाणे मुलग्याला सम महिना हवा, सहावा नाहीतर आठवा. डॉक्टरांना हवे सहा पूर्ण. सहावा चालू असताना डॉक्टर नाराज, सातवा लागला की रीत नाराज. शेवटी सहा महिने पुरे झाले त्याच दिवशी मामाच्या मांडीवर बसवलं. चांदीची वाटी, चांदीचा चमचा, बिनसाखरेची खीर. ती त्याने जिभेने ढकलून मामाच्या सदऱ्यावर काढली. लाळेरं बांधायला हवं होतं, मामाला.

भरवणं आणि आपलं आपण खाणं यांच्या मध्ये आमच्याकडे आणखी एक पायरी होती, ती कुठल्याच यादीत नाही. मे महिन्यात आम्ही आठ भावंडं साताऱ्याच्या ओसरीवर गोल बसायचो. मधे आजी, तिच्यापुढे कल्हईची परात. सकाळचा उरलेला भात, दही, थोडं दूध, मीठ, सगळं एकत्र कालवलेलं. ती आवळ्याएवढा घास करायची आणि एकेकाच्या तळहातावर ठेवत जायची, वर बोटाने लोणच्याचा खार. म्हणजे घास तिचा, हात आपला. तो खाऊन होईपर्यंत परत आपली पाळी. ताटात वाढलेला तोच भात आम्ही कुणी खाल्ला नसता.

माझा पुढे यायचा तो डावा हात. मुद्दाम नाही, तोच आधी यायचा. आजी काही बोलायची नाही. रागावली नाही, हातावर मारलं नाही. घास माझ्यावरून पुढच्या हातावर जायचा. मग सात जणांची पाळी होईपर्यंत रिकामा तळहात घेऊन बसायचं, सगळ्यांच्या हातावरचा खार बघत. आठवडाभरात माझा उजवा हात पुढे यायला लागला. भाजी मी अजून डाव्या हाताने चिरते, जेवते मात्र उजव्याने. त्यात कधी चूक झाली नाही.

परवा खिचडी संपत आली तेव्हा नातवाच्या मुठीतला चमचा मी काढून घेतला आणि त्याच्या दुसऱ्या मुठीत दिला. त्याने तो परत पहिल्या मुठीत घेतला. मी परत बदलला. असं दोनदा झालं आणि मग मला कळलं की मी काय करतेय.

संध्याकाळी वीज आलेली होती. मुलगा ऑफिसातून आला, त्याने दुपारचे फोटो बघितले, जे मीच काढले होते. एक बघून थांबला.

"आई, हा डावरा वाटतो का गं?"

"एवढ्यात काय कळतंय," मी म्हटलं. "दोन-तीन वर्षं जावी लागतात."

रात्रीचे मटार दाबून ठेवलेलेच होते. ते मी त्याच्यापुढे मांडले, सगळे डावीकडे.