अर्ध्या मिलिग्रॅमसाठी तीन आठवडे

"फाल्यां येतलें." म्हणजे उद्या येईल. गोव्यात, फोंड्यातल्या एका फार्मसीच्या काउंटरवर तीन आठवडे मी हे एवढंच ऐकलं. आठवलं की अजून डोकं तापतं.

वजन ९४ किलो, गुडघे बोलायला लागलेले. डॉक्टरांनी वजन कमी करायला सेमाग्लुटाइड हे औषध सुरू केलं, आठवड्यातून एकदा पोटावर इंजेक्शन. तपासण्या, चिठ्ठी, पहिलं पेन (औषध भरलेलं, पेनासारखं इंजेक्शन), सगळं सुरळीत झालं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, त्याचीच नक्कल हे औषध करतं. भूक कमी होते आणि अन्न पोटात जास्त वेळ राहतं. मळमळ होते ती त्यामुळेही. एकदा दुपारी तळलेला बांगडा खाल्ला, तर संध्याकाळी सातला त्याच चवीचा ढेकर. बद्धकोष्ठ वेगळंच. पोटाला सवय व्हावी म्हणून ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून चार-चार आठवड्यांनी डोस वाढवतात.

माझे ०.२५ चे चार आठवडे संपले आणि ०.५ चं पेन कुठे मिळेना. कदंबा बस पकडून पणजीला जाऊन आले, तिथेही नाही. इकडे काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "१ चं आसा, तें व्हरात." १ चं आहे, ते न्या. म्हणजे ठरलेल्या डोसच्या दुप्पट! सरळ नाही म्हटलं. तुम्हीही असं कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका.

तिसऱ्या आठवड्यात पेन आलं. मे महिना, आणि त्याने ते काउंटरवरूनच उचलून पातळ पिशवीत घालून दिलं. न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. खोका हाताला कोमट लागला. परत केला. दुसऱ्या दुकानात फ्रिजमधून काढून दिलेलं पेन मिळालं, ते डब्याच्या पिशवीत बर्फाचा पॅक ठेवून, मध्ये टॉवेल घालून आणलं. थेट बर्फाला लावू नका, गोठलेलं औषध वाया जातं.

एवढं करून डॉक्टर म्हणाले, तीन डोस चुकले, पुन्हा ०.२५ पासून. केबिनमध्येच मला रडू आलं.

म्हणून सांगते, माझ्या पेनात चार डोस असतात, दोन उरले की पुढचं सांगून ठेवा. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर हे आधीच डॉक्टरांना सांगा. पोटात असह्य कळ येऊन पाठीत गेली आणि उलट्या थांबेनात, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते, लगेच हॉस्पिटल गाठा. ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे औषध चालू असल्याचं कळवा.

आता मी ०.५ वर आहे. सकाळी पेज, दुपारी थोडं शीत आणि मूग. पुढचं पेन आजच सांगून आले, तारीख लिहून घेऊन.