जुन्या गाडीचं वायरिंग: पार्ट बदलण्याआधी व्होल्ट मोजा

जुन्या गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, सुस्त फिरायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: बॅटरी बदला. नवी बॅटरी बसते, थोडे दिवस बरे जातात, आणि मग परत तेच रडगाणं. मग सेल्फ उतरतो, त्याचे कार्बन ब्रश बदलतात, मग ऑल्टरनेटरचा, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा, नंबर लागतो. एवढा खर्च होऊनही मूळ बिघाड बहुतेक वेळा एखाद्या काळवंडलेल्या टर्मिनलमध्ये किंवा बॉडीला लावलेल्या अर्थच्या (करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या जोडणीच्या) बोल्टखाली तसाच बसलेला असतो.

मारुती ८०० बनायची जानेवारी २०१४मध्ये थांबली. म्हणजे सगळ्यात शेवटची ८००ही आता दहा वर्षांपलीकडची. पद्मिनी त्याहून जुनी, आणि अॅम्बेसेडरही २०१४मध्येच थांबली. या वयाच्या गाडीत तांब्याची तार सहसा मधूनच तुटत नाही, सांधे जातात. बॅटरीचे टर्मिनल, अर्थच्या पट्ट्या, फ्यूजच्या चिमट्या, स्विचच्या आतले पॉइंट, कपलरमधल्या (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लगमधल्या) पिना. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे हे काम आणखी लवकर होतं. असा सांधा करंट पूर्ण अडवत नाही, थोडा अडवतो, म्हणून तो नुसत्या नजरेला सापडत नाही.

त्याला पकडायची खात्रीची पद्धत एकच: लोड, म्हणजे बल्ब किंवा सेल्फसारखी करंट घेणारी वस्तू, चालू असताना त्या सांध्याच्या दोन बाजूंना मीटर लावून किती व्होल्ट वाया जातात ते मोजणं. याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात.

सामान थोडकं लागतं. १० अँपिअरची रेंज असलेला साधा डिजिटल मल्टीमीटर. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, होल्डर, आणि दोन तारांना मगरचिमटे लावून घरी बनवलेला टेस्ट लॅम्प. तीन-चार मीटर लांब एक जादा वायर, म्हणजे पुढच्या बॅटरीपासून मागच्या लाइटपर्यंत मीटर पोचतो. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि १० नंबरचा पाना. काम सुरू करण्याआधी हातातली अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवताना आधी मायनस काढायचा, लावताना मायनस शेवटी.

मीटर ओहमवर, म्हणजे वायरीचा विरोध मोजायच्या रेंजवर, ठेवून वायर तपासण्याची सवय बऱ्याच जणांना असते. जाड केबलच्या बाबतीत ती फसवते. सेल्फच्या केबलमध्ये फक्त ०.०१ ओहम जादा विरोध आला, तर साधा मीटर तो दाखवूच शकत नाही. पण सेल्फ १०० अँपिअर ओढत असेल तर तेवढ्यावर पूर्ण १ व्होल्ट जातो आणि सेल्फ मरगळतो. नुसत्या व्होल्टच्या मोजणीतही असाच धोका आहे. सांधा आतून खराब झालेली वायर मीटरवर १२ व्होल्ट व्यवस्थित दाखवते, कारण मीटर जवळपास काहीच करंट घेत नाही. तिथे २१ वॉटचा बल्ब लावला की तो मिणमिणतो आणि खरं काय ते कळतं. मात्र एमपीएफआय गाडीत (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शननं पेट्रोल देणाऱ्या) ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, किंवा सेन्सरच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका, तिथे मीटरच वापरा.

सुरुवात बॅटरीपासून, कारण ती उतरलेली असेल तर पुढचे सगळे आकडे खोटे येतात. गाडी रात्रभर उभी असावी. नुकतीच चालवून आणली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२च्या खाली म्हणजे आधी चार्जिंगला लावा. बॅटरीची झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटरनं (आतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीनं) सहाही सेल बघा. पाच सेल १.२५च्या आसपास आणि एकच १.१५ला अडकलेला असेल तर तो सेल गेला, ती बॅटरी चार्ज करून उपयोग नाही.

आता सेल्फ. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलच्या (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या) प्लसची वायर काढून बाजूला बांधा. एमपीएफआय असेल तर फ्युएल पंपाचा फ्यूज काढा. गिअर न्यूट्रलला. एकानं किल्ली फिरवायची, दुसऱ्यानं मीटर बघायचा, आणि एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही.

मीटर थेट बॅटरीच्या दोन खुंटांवर लावा. सेल्फ मारताना १० व्होल्टच्या वर राहिला तर बॅटरी ठीक. ७-८ वर कोसळला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फच बेसुमार करंट ओढतोय: बुश झिजून आर्मेचर (सेल्फचा आतला फिरणारा भाग) घासत असेल, नाहीतर इंजिनच जड असेल. तिसरी शक्यता लोकांना चटकन सुचत नाही. किल्ली फिरवली, सेल्फ गप्प, आणि मीटर १२.४ वरून हललाच नाही. याचा अर्थ सेल्फकडे करंट जातच नाहीये. अशा वेळी बॅटरी बदलून काहीही होणार नाही.

बॅटरी ठीक आणि सेल्फ हळू, असं असेल तर मीटर २ व्होल्टच्या रेंजवर आणा. रेंज आपोआप बदलणारा मीटर असेल तर प्रश्नच नाही. लाल टोक बॅटरीच्या प्लस खुंटावर धरा. खुंटावर म्हणजे शिशावर, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही. काळं टोक सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर. सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर प्लसच्या वाटेत गडबड आहे. मग काळं टोक एकेक टप्पा मागे आणत जा: केबलचा लग (टोकाची धातूची कडी), केबलची तार, बॅटरीचा क्लॅम्प. जो सांधा ओलांडल्यावर आकडा एकदम खाली येतो, तो सांधा खराब. खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्येच ०.१ व्होल्टपेक्षा जास्त मिळाला तर क्लॅम्प काढून दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करा. बाहेरून स्वच्छ दिसणारा क्लॅम्प आतून काळा असणं अगदी नेहमीचं.

प्लस बाजू बघून थांबू नका. मायनस बाजूला जास्त गुन्हेगार सापडतात. काळं टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि परत सेल्फ. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत चालेल, त्यावर नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचा बॉडीशी आणि बॅटरीशी विजेचा संबंध फक्त अर्थच्या पट्टीतून येतो. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम करताना ती पट्टी सोडवली जाते आणि परत लावायची राहून जाते, किंवा रंगावरच कसली जाते. मग सेल्फचा करंट दुसरी वाट शोधतो: अॅक्सिलरेटरची केबल, चोकची केबल, क्लचची केबल. सेल्फ दोन-तीनदा मारल्यावर अॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली, तिचं प्लॅस्टिक मऊ पडलं किंवा ती आतल्या आत अडकायला लागली, तर केबल बदलण्याआधी अर्थची पट्टी बघा. नवी केबलही तशीच जळेल. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं पूर्ण काढा, दातेरी वॉशर घाला, घट्ट कसा आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. आधी कसायचं, मग ग्रीस.

गाडी थंड असताना एका सेल्फला सुरू आणि गरम झाल्यावर नुसतं ‘टक’, अशी तक्रार असेल तर सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या, जाड करंट जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) बारीक वायरीवर मोजा. किल्ली फिरवलेली असताना बॅटरीच्या प्लसपासून तिच्या चपट्या (स्पेड) टर्मिनलपर्यंत १ व्होल्टपेक्षा जास्त जात असेल तर इग्निशन स्विचचे पॉइंट झिजले आहेत. सोलेनॉइडची कॉइल गरम झाली की तिचा विरोध वाढतो आणि उरलेल्या व्होल्टमध्ये ती ओढू शकत नाही. स्विच बदला किंवा मध्ये रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला. रिलेचा खर्च कमी आणि स्विचवरचा भारही जातो.

पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरलाही (कॉइलचा करंट उघडझाप करून स्पार्क वाटणाऱ्या भागालाही) हीच मोजणी लागू पडते. इग्निशन चालू, पॉइंट मिटलेले, इंजिन बंद. कॉइलच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. जास्त आलं तर पॉइंट जळलेत किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली प्लेटची छोटी अर्थ वायर तुटत आलीय. मोजून झालं की किल्ली लगेच बंद करा, नाहीतर कॉइल तापते.

चार्जिंग बघायला वेळ लागत नाही. इंजिन सुरू, रेस थोडी वाढवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ यायला हवं. हेडलाइट आणि पंखा लावल्यावरही १३.५च्या खाली जायला नको. १५ वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला, आणि तो बॅटरीतलं पाणी उडवणार. किल्ली चालू, इंजिन बंद असताना डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा लागायलाच हवा. बऱ्याच जुन्या ऑल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला की चार्जिंग उशिरा सुरू होतं किंवा होतच नाही, आणि चांगला ऑल्टरनेटर उतरवला जातो. मीटर एसीवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसलं तर ऑल्टरनेटरमधला एसीचं डीसी करणारा डायोड गेलाय.

इंजिन चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढायचा आणि गाडी बंद पडली नाही तर ऑल्टरनेटर चांगला, ही ‘टेस्ट’ कुणालाही करू देऊ नका. टर्मिनल सुटल्याक्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, स्टिरिओ, ईसीयू यांपैकी काहीही उडू शकतं. डायनॅमोच्या जमान्यातली ही सवय अजून टिकून आहे, ती मोडलीच पाहिजे.

मागच्या लाइटमध्ये चमत्कारिक वागणूक दिसली की समजा अर्थ गेला. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की टेल लाइट त्याच तालावर लुकलुकतो. एका बाजूच्या सगळ्या बल्बना मिळून एकच अर्थ असतो. तो सुटला की एका बल्बचा करंट परतीची वाट म्हणून दुसऱ्या बल्बमधून जातो. बॅटरीच्या मायनसपासून लांब वायर आणून त्या होल्डरच्या अर्थला टेकवा. सगळं सरळ झालं तर निदान पक्कं.

हेडलाइट पिवळट असेल तर जास्त वॉटचे बल्ब घालायची घाई नको. बल्बवर व्होल्ट १० टक्के कमी पोचले तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. इंजिन चालू ठेवून, बल्ब पेटलेला असताना कपलरच्या मागून मोजा: बॅटरीच्या प्लसपासून बल्बपर्यंत आणि बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत, दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. अनेक जुन्या गाड्यांत पूर्ण करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, आणि वर १००/९० वॉटचे बल्ब लावले की तो स्विच वितळतो. ६०/५५चेच बल्ब ठेवा आणि लो-हायला एकेक रिले लावा: ३० नंबरला बॅटरीवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, ८७ वरून बल्ब, ८५-८६ पैकी एकाला जुनी वायर आणि दुसऱ्याला अर्थ. आधी एक गोष्ट तपासा. जपानी घराण्याच्या काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो. दिवे बंद असतानाही कपलरमध्ये १२ व्होल्ट मिळाले तर तुमची गाडी त्यातली, आणि रिलेची जोडणी त्याप्रमाणे उलटी करावी लागेल.

गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते? मायनस टर्मिनल काढून खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये आधी टेस्ट लॅम्प लावा. तो ठळक पेटला तर गळती मोठी आहे, मीटरचा फ्यूज उडू शकतो. पेटला नाही तर १० अँपिअर रेंजवर मीटर लावा. दारं बंद, किल्ली काढलेली. मीटर लावलेला असताना किल्ली फिरवायची नाही. कार्बोरेटरच्या गाडीत स्टिरिओची मेमरी सोडली तर जवळपास शून्यच यायला हवं, ५० मिलिअँपिअरच्या वर नाहीच. अर्धा अँपिअर गळत असेल तर ३५ अँपिअर-तासाची बॅटरी दीड दिवसात निम्मी होते. फ्यूज एकेक करून काढा. ज्यावर आकडा पडला, ती लाइन. एकाही फ्यूजनं फरक पडला नाही तर ऑल्टरनेटरची जाड वायर काढून बघा, तिच्यावर बऱ्याच गाड्यांत फ्यूजच नसतो. बाहेरून बसवलेला स्टिरिओ, सेंट्रल लॉक, अलार्म हे कायमचे संशयित.

फ्यूज परत परत उडत असेल तर जादा अँपिअरचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी अजिबात घालू नका, त्यानं वायरिंग पेटतं. फ्यूजच्या जागी तोच २१ वॉटचा बल्ब लावा आणि त्या लाइनवरचे लोड काढून ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही. आता निवांत एकेक कपलर सोडवा, हार्नेस (वायरींची जुडी) हलवून बघा. बल्ब विझला ती जागा. डिकीच्या बिजागरीजवळचं रबर, सीटच्या पट्टीखालून गेलेली वायर, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळचा भाग, आणि पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेलं बॉनेटखालचं हार्नेस आधी बघा.

सापडलेला सांधा पिळून टेप गुंडाळू नका. इंजिनच्या उष्णतेनं टेपचा डिंक वितळतो आणि वर्षभरात तिथे हिरवा थर येतो. तार आतूनही काळी पडलेली असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत ती मागे कापा, त्याच जाडीचा तुकडा जोडा, क्रिंप करा (धातूच्या नळीत घालून दाबा), वर गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवा आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना हार्नेस बांधून घ्या, म्हणजे ती जागा हलणार नाही. मग लोड लावून ड्रॉप परत मोजा. एका सांध्यावर ०.१ व्होल्टच्या आत आला नाही, तर तो उघडून पुन्हा करा.